सही झाली की येते

हेरन पॉइंट, १४ नोव्हेंबर १७७४

ताई,

ओबेड उद्या तुमच्या ड्राय ब्रूकला चामडं आणायला जातोय. त्याच्या हाती हे देते आहे. तो आमच्याकडे कामाला आहे हे कळल्यावर त्याला कुणी चामडं देईल की नाही, सांगता येत नाही. नाही दिलं तर निदान पत्र तरी पोचेल.

तुझ्या घरच्या त्या जेवणाला आता वर्ष होईल. मी बरेचदा आठवून बघते, सुरुवात कोणी केली. बहुतेक एल्नेथननीच. ते म्हणाले होते, "फ्रेंच उत्तरेकडून उतरले तेव्हा कुणाची फौज धावून आली, अमासा? माझी दोन बोटं तिकडे बर्फात राहिली. फौजेला पगार लागतो, दारूगोळा लागतो. पौंडभर चहामागे तीन पेन्स दिले तर आपण काय भिकेला लागतो?"

अमासाभाऊजी म्हणाले, "तीन पेन्स काय, अर्धी पेनी असली तरी नाही. मला न विचारता माझ्या खिशात हात घालील त्याला मी चोरच म्हणणार. मग डोक्यावर मुकुट असो नाहीतर फाटकी टोपी."

इथवर ठीक होतं. दोघं हसतही होते. मग मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या पेल्यात आत्ता जो चहा आहे, तो डचांच्या बोटीतून चोरून उतरवलेला. त्याला काय म्हणायचं?"

तू माझ्या पुढ्यातलं ताट उचललंस. त्यात अजून अर्धं जेवण होतं.

आता म्हणे तुम्ही दोघं रास्पबेरीची वाळलेली पानं उकळून पिता. बरी लागत असतील.

सप्टेंबरात इथे काय झालं ते तुला भाऊजींनी सांगितलंच असेल. ते तिथे होतेच. मी लिहीत नाही. ऑक्टोबरात समितीची माणसं तो कागद घेऊन आली. चहा प्यायचा नाही, विलायती माल घ्यायचा नाही, आणि जो सही करणार नाही त्याच्याशी गावाने देवघेव ठेवायची नाही. एल्नेथन म्हणाले, "ठेवून जा, वाचतो." कागद अजून घड्याळामागे आहे. दुसऱ्या रविवारी प्रार्थनाघराच्या दारावर त्यांचं नाव लागलं.

तेव्हापासून लोहार घोड्याला नाल मारत नाही. गिरणीवाला जोथम पाइक आमचा मका घेत नाही. एल्नेथन पोतं घेऊन गेले तर तो दारातच उभा राहून म्हणाला, "कॅप्टन, राजाला सांगा की दळून द्यायला." मागे चार माणसं हसली. मी आता मका उखळात कुटते. हात भरून येतात, पण लापशी होते. तेवढं पुरतं.

टॅम्झिनला सातवा लागला. जूनमध्ये नवरा बुडाल्याची बातमी आली तेव्हापासून ती फार बोलत नाही, पण खाते नीट. जानेवारीच्या शेवटी दिवस भरतील. या भागातल्या निम्म्या पोरांना तूच जगात आणलंस, टॅम्झिनलाही. ती म्हणते, "मावशी येईल. माझ्यासाठी येईलच." मी काही मागत नाही. ती म्हणते ते फक्त कळवते.

कीझा

*

हेरन पॉइंट, १० फेब्रुवारी १७७५

ताई,

टॅम्झिन गेली. तुला कळलं असेल, तरी माझ्या हातून कळायला हवं म्हणून लिहिते.

गुरुवारी, २६ तारखेला पहाटे कळा सुरू झाल्या. उजाडताच मी ओबेडला तुझ्याकडे पाठवलं. बर्फ होता पण वाट चालू होती. गुरुवार संध्याकाळपर्यंत कळलं की मूल पायाळू आहे. मला जमेल तसं मी केलं. शुक्रवारी सकाळी मूल बाहेर आलं. मुलगी आहे, जिवंत आहे. टॅम्झिनचं रक्त थांबलं नाही. दुपारी जेवणाच्या वेळेला ती गेली. शुद्धीत होती. पोरीला बघितलं आणि म्हणाली, "हिचं नाक त्यांच्यासारखं आहे." मग पाणी मागितलं. मी पाणी आणलं तोवर संपलं होतं.

नाव ऱ्होडा ठेवलंय.

कबर खणणाऱ्या माणसाने एल्नेथनना विचारलं, "कागदावर सही झालीय का?" ते परत आले. जमीन दगडासारखी गोठली होती. ते आणि ओबेड सफरचंदाच्या बागेत दीड दिवस शेकोटी पेटवून बसले. हातभर माती मऊ झाली की खणायची, पुन्हा लाकडं टाकायची. शवपेटी एल्नेथननी घरातल्या फळ्यांची केली. त्यांना सुतारकाम येतं हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. पाद्रीबुवा आले नाहीत. एल्नेथननी स्वतः पुस्तक उघडून वाचलं. मी पोर घेऊन उभी होते. पोर झोपली होती.

कोळ्याची बायको बेथाया स्नो दिवसातून तीनदा मागच्या दाराने येऊन ऱ्होडाला पाजते. तिचं स्वतःचं पोर चार महिन्यांचं आहे. तिला मी म्हटलं, "कुणी बघेल." ती म्हणाली, "बघू दे. दूध काय विलायती माल आहे?" एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच या घरात कुणीतरी काहीतरी हसण्यासारखं बोललं. मला हसू आलं नाही. पण ऐकू आलं.

एल्नेथन म्हणतात, "तुझ्या बहिणीने एक ओळही पाठवली नाही. दोन कोसांवर राहून एक ओळ नाही." आल्यागेल्याला हेच सांगतात. आलेगेले म्हणजे ओबेड आणि बेथाया. मी काही बोलत नाही.

तुझं नाव त्यांनी कौटुंबिक बायबलमधून खोडलं. टॅम्झिनच्या जन्माच्या नोंदीपुढे तुझं नाव होतं ना, सुईण म्हणून. तिथलं. शाई जाड झाली आणि मागच्या पानावर उतरली.

बाकी काही नाही. थंडी आहे.

कीझा

*

बॉस्टन, २२ मे १७७५

ताई,

आम्ही इथे आलो ते तुला कळलं म्हणून तुझं पत्र इथे आलं. हे उत्तर एका बाईच्या हाती देते आहे. तिला शहराबाहेर जायचा परवाना मिळालाय.

एप्रिलमध्ये कॉन्कर्डच्या रस्त्यावर गोळ्या चालल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली तीस-पस्तीस माणसं आमच्या अंगणात आली. दगड फक्त दोन आले, खिडकीवर. एकाने विचारलं, "कॅप्टन, तुम्ही कुठल्या बाजूचे?" एल्नेथन म्हणाले, "मी माझ्या घरात आहे." तो म्हणाला, "मग घर सोडा." इतकंच बोलणं झालं. एक गाडी, दोन गाद्या, पोर, थोडं मीठ लावलेलं डुकराचं मांस आणि घड्याळ घेऊन निघालो. गाई ओबेडला दिल्या. तो रडला. त्याला कुणी काही केलं नसावं अशी आशा आहे, तो नुसता कामाला होता.

इथे एका दोरखंडवाल्याच्या माडीवर राहतो. खाली डांबराचा वास येतो. शहराला तुमच्या लोकांचा वेढा आहे, त्यामुळे ताजं काही मिळत नाही. ऱ्होडाला बकरीचं दूध मिळतं, तेही पाणी घातलेलं. तिला दोन दात आलेत. ढोल वाजला की हातपाय नाचवते. राजाची फौज दिवसभर ढोल वाजवते, म्हणजे ती दिवसभर खूश असते.

एल्नेथन रोज धक्क्यावर जाऊन उभे राहतात. त्यांच्यासारखे पुष्कळ आहेत, न्यायाधीश, व्यापारी, एक शाळामास्तर. सगळे एकमेकांना सांगतात की हे दोन महिन्यांत संपेल. कर तर आता कुणाच्या बोलण्यातही येत नाही. चहा तर राहिलाच बाजूला. ज्याच्यावरून एवढं झालं ते कुणाला आठवतही नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एल्नेथन धक्क्यावर होते तेव्हा. त्यांना दाखवलं नाही, कारण ते म्हणालेत, "तिचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही." तू लिहिलंस की तू घोडीवर खोगीर घालून ती संध्याकाळपर्यंत दारात उभी ठेवली होतीस. आणि विचारलंस, "माझी चिठ्ठी तुला मिळाली होती ना, कीझा?"

त्याचं उत्तर मी या पत्रात देणार होते. परवानावाली बाई खाली उभी आहे, हाका मारते आहे.

कीझा

*

हॅलिफॅक्स, ४ ऑक्टोबर १७७६

ताई,

हे पत्र ऱ्होडाबरोबर येतंय.

आधी तेच लिहिते, म्हणजे तू पुढचं वाचताना घाबरणार नाहीस. कैद्यांच्या अदलाबदलीचं जहाज परवा इथून मार्बलहेडला निघतंय. त्यात मिसेस प्रॉक्टर म्हणून एक बाई आहेत, नवरा इथे देवीने गेला म्हणून सेलमला माहेरी परत चालल्यात. त्या ऱ्होडाला तुझ्या दारापर्यंत आणतील. भल्या आहेत. त्यांना जेवू घाल.

आता तुझा प्रश्न. दीड वर्ष झालं त्याला.

हो. चिठ्ठी मिळाली होती.

गुरुवारी दुपारी ओबेड परत आला आणि मागच्या दारात मला चिठ्ठी दिली. एल्नेथन अंगणात लाकडं फोडत होते. चिठ्ठी मला पाठ आहे: "कीझा, त्यांना कागदावर सही करायला सांग. तुझ्या भाऊजींनी समितीकडून कबूल करून घेतलंय, मग मला कुणी अडवणार नाही. सही झाली की येते. घोडी तयार आहे." कागद घड्याळामागे होता. दौत खिडकीत होती. एका मिनिटाचं काम होतं.

मी चिठ्ठी चुलीत टाकली.

एल्नेथन लाकडं घेऊन आत आले. "काय म्हणाली?" मी म्हटलं, "काही नाही. काही पाठवलं नाही तिने." त्यांनी लाकडं खाली ठेवली. एक एक करून ठेवली.

मला माहीत होतं की ते सही करतील. त्याच क्षणी, उभ्या उभ्या. म्हणूनच नाही सांगितलं. आता हे का, ते तुला समजायला हवं असेल तर सप्टेंबराचं लिहावं लागेल. तेव्हा मी टाळलं होतं.

त्या दिवशी गावाने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा केल्या होत्या. राजाने दिलेलं न्यायाधीशपद सोडतो असा कागद हातात देऊन एल्नेथनना मधून चालायला लावलं, टोपी काढून. एका हातात टोपी, एका हातात कागद. वाऱ्याने त्यांचा केसांचा टोप तिरका झाला होता आणि तो नीट करायला हात मोकळा नव्हता. प्रत्येक वीस पावलांवर थांबून वाचायचं. कुणीतरी ओरडलं, "मोठ्याने!" त्यांनी मोठ्याने वाचलं. कुठे अडखळले नाहीत. मी पाइकच्या कुंपणापाशी उभी होते. भाऊजी समोरच्या रांगेत होते आणि खाली बघत होते, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. बाकी सगळे वर बघत होते.

ते घरी आले, टोपी खुंटीला लावली. मी त्यांच्याकडे बघितलं आणि पानं वाढली. तीन आठवडे मी त्यांच्याशी मिठाचं भांडं द्या याच्यापलीकडे बोलले नाही. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. मला वाटत होतं की मी ज्याच्याशी लग्न केलं तो माणूस त्या दोन रांगांमध्ये कुठेतरी राहिला आणि हे दुसरेच कुणी घरी आले. राजा, पार्लमेंट, चहा, कर, यातलं मला फारसं कळत नाही, ताई. तुझ्या जेवणावर मी जे बोलले ते एल्नेथन बोलायचे म्हणून बोलले. मला फक्त ते पुन्हा टोपी काढून उभे राहिलेले बघायचे नव्हते.

म्हणून चिठ्ठी जाळली. मनात म्हटलं, पोर होईल. बायकांना होतात. तुझ्याशिवायही होतात.

संध्याकाळी पाय दिसला. तेव्हाही वेळ होता. हे लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं लिहून उपयोग नाही. ओबेड स्वयंपाकघरात बसला होता, बूटही काढले नव्हते त्याने. त्याने माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी आल्याचं त्याला माहीतच होतं. मी म्हटलं, "लाकडं आण."

आत टॅम्झिन विचारत होती, "मावशी निघाली का?" मी म्हटलं, "वाटेत आहे."

ताई, तू सहीशिवाय का निघाली नाहीस, हे मी विचारू शकते. तुझी घोडी होती, दोन कोस होते. मी विचारत नाही. तो प्रश्न तुझ्याकडे असेलच.

आता इथलं. मार्चमध्ये फौजेने बॉस्टन सोडलं तेव्हा आम्हालाही जहाजात घेतलं. इथे पहिले तीन महिने तंबूत होतो. आता लाकडाची खोली आहे, फटींत शेवाळ भरलेलं. एल्नेथन फौजेसाठी लाकडं कापतात. ज्यांच्यापुढे लोक टोपी काढायचे ते आता एका पोरसवदा सार्जंटला "होय साहेब" म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. वाटेल असं वाटलं होतं.

ऑगस्टमध्ये ऱ्होडाला ताप आला. चार दिवस राहिला. एल्नेथन करवतीला धार लावत बसले होते आणि तुला शिव्या देत होते. "सख्खी भाची मरत होती आणि ही बाई घरात बसून राहिली. देव तिला विचारील." नेहमीचंच. दीड वर्षं मी ऐकत आलेले. त्या दिवशी मी म्हटलं, "तिने चिठ्ठी पाठवली होती."

करवत थांबली. "कुठली चिठ्ठी?"

मी सांगितलं. वर लिहिली तशीच, शब्दाला शब्द.

ते म्हणाले, "मी सही केली असती."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"म्हणूनच."

त्यांनी करवत बाजूला ठेवली. ऱ्होडा झोपेत कण्हत होती. मग ते म्हणाले, "ऑक्टोबरात मी सही का केली नाही, ठाऊक आहे तुला?"

मी म्हटलं, "राजासाठी."

"राजाला काय पडलंय, कीझा! त्याला माझं नावही माहीत नाही. मी सप्टेंबरात घरी आलो आणि तू माझ्याकडे बघितलंस. पुन्हा तसं बघू नयेस म्हणून नाही केली सही. तुझ्यासाठी अडून बसलो होतो मी."

मग करवत घेऊन कामावर गेले. अजून दिवस बराच शिल्लक होता.

दोन दिवस काही नाही. ऱ्होडाचा ताप उतरला. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी तुझं नाव काढलं. म्हणाले, "पोर डॉर्कसकडे जाईल."

मी म्हटलं, "लढाई चालू आहे. समुद्र आहे."

"इथे देवी आहेत. पिठात अळ्या आहेत. पुढे हिवाळा आहे. आणि तिच्या आईला जगवू शकले असते असे हात तिकडे आहेत. तिला तिथे जाऊ दे."

मी वाद घातला नाही. वाद घालायला तोंड कुठून आणायचं? आणि खरं सांगायचं तर माझ्या आत काही हललंही नाही. टॅम्झिन गेल्यापासून काही हलत नाही. ऱ्होडा जाईल तेव्हा हलेल की काय, याची थोडी भीती वाटते.

तिचं सांगते. वीस महिन्यांची आहे. लापशीवर काकवी लागते, नसेल तर तोंड उघडत नाही. कॉड मासा आवडत नाही, इथे दुसरं काही नव्हतं म्हणून खाते. उजव्या कुशीवर झोपते. "बोट", "नको" आणि "आजोबा" म्हणते. मला काही म्हणत नाही, माझा झगा धरते फक्त. तिला अंधाराची भीती नाही, पण मोठ्याने कुणी वाचून दाखवलं तर रडते. भाऊजींना सांग. ते जेवणाआधी मोठ्याने बायबल वाचतात.

मोठी झाली की आईबद्दल विचारील. खरं सांग. आजोबांनी सही केली नाही म्हणून आई गेली असं गाव सांगेल, ते खोडून काढ. त्यांना सही करायची संधी मी दिली नाही. तुझ्याबद्दल काय सांगायचं ते तू ठरव.

बेथाया स्नो भेटली तर ऱ्होडा तिला दाखव. पोरीला चालता येतं म्हणून सांग.

आज सकाळी एल्नेथननी तिचे बूट दुरुस्त केले, तळव्याला नवीन चामडं लावलं. पुढच्या वर्षीही पुरावेत म्हणून मोठे केलेत, आत लोकर कोंबली आहे. मग तिला खांद्यावर घेऊन धक्क्यापर्यंत फिरवून आणलं, जहाज दाखवलं. ती "बोट, बोट" करत परत आली. फार खूश होती.

हे पत्र त्यांनी वाचलंय. काही बदल असं म्हणाले नाहीत. फक्त "करवतीला धार लावत बसले होते" यावर बोट ठेवून म्हणाले, "कुऱ्हाडीला." मला करवतच आठवते. तशीच राहू दिली आहे.

तू उत्तर लिहिलंस तर पाकिटावर त्यांचं नाव घाल. घरात पत्रं आता तेच उघडतात.

कीझा